बिराजदार सरांची पहिली शोकसभा

बिराजदार सर दोनदा वारले. पहिल्या वेळी मी डोळे पुसत पुसत स्कूटी चालवत त्यांच्या घरी पोचले, तेव्हा ते हातात मेथीची जुडी घेऊन फाटकाशी उभे होते आणि जमलेल्या लोकांना हळू आवाजात विचारत होते, "कोण गेलं हो?" दुसऱ्या वेळेबद्दल मला फारसं लिहायचं नाही. पहिल्या वेळेबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण सोलापुरात त्या गोष्टीच्या इतक्या आवृत्त्या फिरतायत की एकीत सर चक्क तिरडीवरून उठून बसतात. तसलं काही झालेलं नाही. मी तिथे होते.

आमच्या कॉलेजात सर तत्त्वज्ञान शिकवायचे, म्हणजे मुख्यतः तर्कशास्त्र. मी अर्थशास्त्राची. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी आणि डबाही आम्ही एकत्रच खायचो. त्यामुळे मी त्यांना जितकं सहन केलं तितकं काकूंनंतर, म्हणजे त्यांच्या बायकोनंतर, दुसऱ्या कुणी केलं नसेल. उंच, सावळे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. एप्रिलमध्ये, जेव्हा आमच्या गावात शहाणी माणसं दुपारची घराबाहेर पडत नाहीत, तेव्हा सर गळ्यात ओला नॅपकिन टाकून तास घ्यायचे. डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांनी भाकरी मोडली की आवाज व्हरांड्यापर्यंत जायचा आणि शिपाई म्हणायचा, सरांची मधली सुट्टी झाली.

आणि त्यांचा एक शब्द होता. कशावरून?

तुम्ही काहीही बोला, सर विचारायचे, "कशावरून?" भांडणाच्या सुरात नाही, अगदी मनापासून, जणू तुमच्याकडून काही नवीन कळणार आहे. मी म्हणायचे, आज ऊन फार आहे. कशावरून? मंडईतली बाई म्हणायची, साहेब, मेथी ताजी हाय. कशावरून? त्या बाईनं एकदा वैतागून जुडी त्यांच्या नाकालाच लावली, तेव्हा सर म्हणाले, हां, हा पुरावा झाला, आणि दोन जुड्या घेतल्या. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी कशावरून विचारलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. सरांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला, मान्य केला आणि त्या दिवसापासून चहातली साखर बंद केली. पुरावा दाखवला की ते लगेच शरण यायचे. आम्ही बाकीचे पुरावा दाखवल्यावर जास्त चिडतो.

त्यांच्या वर्गात गर्दी अशी कधीच नव्हती, पण अलीकडे तो अगदी ओस पडला. पटावर नावं भरपूर, बाकांवर कोणी नाही. मुलं होती कुठे? कोणी मोबाइलच्या दुकानात कामाला, कोणी केटरिंगला, उजनीकाठची दोघं-तिघं केळीच्या तोडणीला, आणि शहराच्या पूर्व भागातल्या मुली टॉवेलच्या कारखान्यात शिवणकामावर. स्टाफरूममध्ये आमचं निदान ठरलेलं होतं, की आजकालच्या पोरांना शिकायचंच नाही. हे वाक्य आम्ही चहाबरोबर रोज म्हणायचो. सर एकदा भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "ती येत नाहीत, हे दिसतंय. त्यांना शिकायचं नाही, हे कशावरून?" आम्ही आपापले कप उचलले. असल्या प्रश्नाला उत्तर देत बसलं तर चहा गार होतो.

त्याच सुमारास कॉलेजात एक कार्यशाळा झाली. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवण्यासाठी समाजमाध्यमांचा वापर, असा विषय. पुण्याहून एक तरुण तज्ज्ञ आले होते, कोट घालून, मार्च महिन्यात. त्यांनी पडद्यावर बाण आणि गोल दाखवले. आम्ही समोसे खाल्ले, प्रमाणपत्रं घेतली आणि बाण-गोल तिथेच सोडून घरी गेलो. सर मात्र पहिल्या रांगेत बसून प्रत्येक गोलाला कशावरून विचारत होते. दुपारपर्यंत त्या बिचाऱ्याचा कोट खुर्चीवर गेला होता आणि घसा बसला होता. जाताना तो मला म्हणाला, ते सर फारच विरोधात दिसतात. आठच दिवसांत त्या विरोधी सरांनी नवीन मोबाइल घेतला. आमच्यापैकी दुसऱ्या कुणीही कार्यशाळेनंतर काहीही केलं नाही, हे मी इथे नमूद करते.

आधी त्यांनी ग्रुप काढला. एका बोटाने टाइप करून ते त्यावर तर्कशास्त्राचे परिच्छेदच्या परिच्छेद टाकायचे. उत्तरादाखल जोडलेले हात यायचे, फुलं यायची, उगवता सूर्य यायचा. एकाने नुसतंच विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का? सरांनी लिहिलं, नाही. त्यावर पुन्हा जोडलेले हात आले.

मग कुणीतरी सुचवलं, सर, रील करा. सरांनी केलं. कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाखाली उभे राहून, मोबाइल झाडाच्या फांदीत अडकवून ते व्याख्या कशी चुकते ते सांगत होते. व्याख्या गरजेपेक्षा मोठी झाली की तिला अतिव्याप्ती म्हणतात. उदाहरण म्हणून ते म्हणाले, "समजा मी म्हणालो, शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय." आणि नेमकी त्याच क्षणी त्यांच्या खांद्यामागून एक म्हैस आली. भरदार, मोठ्या शिंगांची. ती थांबली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि रवंथ करत निघून गेली. सरांना पत्ताच नाही. ते पुढे बोलतायत.

ते रील सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. सरांना वाटलं तर्कशास्त्राचे दिवस आले. मग त्यांनी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. सगळ्या म्हशीसाठी होत्या. म्हैस कुठली, दूध किती देते, पंढरपुरी आहे का. स्टाफरूममध्ये आम्ही हसून हसून बेजार झालो. सर हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पण मॅडम, आता अतिव्याप्ती म्हणजे काय ते कुणी विसरेल का?" खरं सांगते, मला त्याआधी तो शब्द माहीतही नव्हता, आणि आता म्हैस दिसली की आठवतो.

खरा शोध त्यांना चुकून लागला. एक दिवस ग्रुपवर टाकायचं कोडं त्यांनी चुकून स्टेटसला टाकलं. संध्याकाळी काढायला गेले तर खाली नावांची रांग. ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, त्यांची नावं. दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये जवळजवळ धावत आले. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मॅडम, सगळे आलेत." मी बघितलं. जी मुलं जूनपासून वर्गाच्या दारातही दिसली नव्हती, ती सगळी त्या यादीत होती. मी काहीतरी खोचक बोलणार होते, पण त्यांचा चेहरा बघून यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्या दिवसापासून सकाळी सात वाजता सरांचं स्टेटस पडू लागलं. दोन-तीन ओळींचं विधान आणि त्यात एक चूक. ती शोधायची. उत्तर बरोबर आलं तर शाबासकी नाही, उलट प्रश्न: कशावरून? मुलं चिडून भांडायची, मोठमोठे निरोप बोलून पाठवायची, आणि भांडता भांडता शिकायची. अंबिका नावाची एक मुलगी होती, पूर्व भागातली, तेलुगू घरातली. ती दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात असायची. तिचे निरोप बोललेले असायचे आणि पाठीमागे यंत्रमागांची खडखड. सर तो मोबाइल कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे. "ही मुलगी मला रोज एकदा तरी पकडते," असं मोठ्या कौतुकानं सांगायचे. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. तिच्या फोटोच्या जागी एका बाहुलीचं चित्र होतं.

अडचण एवढीच, की स्टेटस कुणाला दिसावं आणि कुणाला नको हे ठरवता येतं, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे तर्कशास्त्र मुलांबरोबर त्यांचे नातेवाईक, गॅसवाला, इस्त्रीवाला आणि दूधवाला हेही शिकत होते. एका सकाळी सरांनी लिहिलं: "दूध पांढरे असते. चुना पांढरा असतो. म्हणून दुधात चुना असतो." चूक शोधा. मुलांनी शोधली. दूधवाल्या शिवानं ती शोधली नाही. तो दुपारी रिकाम्या किटल्या घेऊन सरांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझ्या दुधात चुना म्हंता व्हय? साऱ्या कॉलनीला दाखिवलं की तुमी." सरांनी त्याला पायरीवर बसवलं आणि विधानं, मधलं पद, निष्कर्ष सगळं समजावून सांगितलं. शिवानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं खरं, पर लिवलं कशापायी?" दोन दिवस दूध आलं नाही. काकूंनी दोन दिवस कोरा चहा दिला आणि वर त्यांच्या कानडीत 'अहो' अशी हाक मारून म्हणाल्या, "येन्री, उद्या भाजीवालीवर लिहा, म्हणजे उपासच."

आता ज्यावर सगळं अडलं ते सांगते. संस्थेचे सचिव अप्पासाहेब एक दिवस फेरी मारताना सरांच्या वर्गात डोकावले. आत तीन मुलं होती आणि त्यातलं एक झोपलेलं. अप्पासाहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं, की पुढच्या वर्षीपासून तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद. सरांच्या नोकरीला धक्का नव्हता, त्यांना परीक्षा विभागात बसवणार होते. पण वर्ग एकदा बंद पडला की पुन्हा सुरू होत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या खोलीत मग जुनी बाकं ठेवतात.

सर मोबाइल घेऊन अप्पासाहेबांकडे गेले. मी सोबत होते. त्यांनी नावांची रांग दाखवली, मुलांचे निरोप ऐकवले, अंबिकेचा तर दोनदा. अप्पासाहेब तसे वाईट नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, मोबाइलातली पोरं वर्गात मोजता येत न्हाईत. मला बाकावर बसलेली दाखवा." सर उठले. जिना उतरताना मी वाट बघत होते, ते आता कशावरून म्हणतील, मग म्हणतील. ते पायऱ्या उतरत राहिले. त्या दिवशी डब्यातली भाकरीही त्यांनी तशीच परत नेली. मला फार वाईट वाटलं.

तरी सात वाजताचं स्टेटस चुकलं नाही. पुढचा धडा होता, दोन विधानांवरून तिसरं काढायचं. पुस्तकात त्यासाठी कुण्या परदेशी माणसाचं नाव होतं आणि मुलं दरवर्षी विचारायची, सर, हा कोण? म्हणून सरांनी ठरवलं, ओळखीचा माणूस घेऊ. स्वतःलाच घेतलं. नाव टाकलं, मग मुलांना बरं वाटावं म्हणून फोटोही टाकला, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, गंभीर चेहऱ्याचा. मोबाइलनं विचारलं, चौकट हवी का? सरांना झेंडूच्या फुलांची चौकट आवडली. खाली लिहिलं: "सर्व माणसे मर्त्य आहेत. बिराजदार सर माणूस आहेत. म्हणून ..." पुढची जागा मुलांसाठी मोकळी. मोबाइल चार्जिंगला लावला आणि सर फिरायला गेले.

आपल्याकडे सकाळी सात वाजता झेंडूच्या चौकटीत वयस्कर माणसाचा फोटो दिसला, की खालचं कोण वाचतं? अक्कलकोटहून काकूंच्या भावानं पाहिलं आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं. काकू देवघरात होत्या, मोबाइल मुका होता. अर्ध्या तासात बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली आणि त्यांनी आमच्या ग्रुपवर लिहिलं: अत्यंत दुःखद, दहा वाजता शोकसभा, नंतर कॉलेजला सुट्टी. मी ते वाचलं आणि भाजीखालचा गॅस बंद करून तशीच निघाले.

जुळे सोलापुरात सरांच्या फाटकाशी वीस-पंचवीस माणसं होती. सगळ्यात पुढे शिवा दूधवाला, हातात हार, डोळे लाल. घराचं दार बंद आणि आतून काकूंची घंटा ऐकू येत होती, म्हणून कुणाला कडी वाजवायचा धीर होत नव्हता. एवढ्यात मागून सर आले, हातात मेथी. गर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चपला काढल्या, मेथी पाठीमागे धरली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, कोण गेलं हो? शिवानं वळून पाहिलं. त्याच्या हातातला हार खाली पडला.

"सर, तुमीच की," तो म्हणाला.

"मी?" सर म्हणाले. "कशावरून?"

"स्टेटसवरून की, सर."

मी फाटकाला धरून आधी रडले आणि मग हसले, आणि दोन्हीत फार अंतर नव्हतं. काकू बाहेर आल्या, त्यांना सगळं कळलं, त्यांनी कपाळावर हात मारला, मग आत जाऊन मीठ-मोहऱ्या आणल्या आणि भर रस्त्यात सरांवरून ओवाळून टाकल्या. त्यानंतर त्या सरांना जे बोलल्या ते कानडीत होतं आणि मला कानडी येत नाही याचा त्या दिवशी आनंद झाला. शेवटचं तेवढं मराठीत होतं, की आता दिवसभर फोन उचलून हे जिवंत आहेत म्हणून मीच सांगत बसायचं.

सर चार्जिंगला लावलेला मोबाइल घरातून आणून बघत होते. श्रद्धांजल्यांचा ढीग होता. त्यात एकच निरोप वेगळा होता आणि त्यामागे मागांची खडखड होती. सरांनी तो मला ऐकवला. "सर, निष्कर्ष असा की बिराजदार सर मर्त्य आहेत. पण ते गेलेत असं यातून निघत नाही. लोक काहीपण बोलायलेत. तुम्ही उत्तर द्या की." त्यानंतर तिचे आणखी चार निरोप होते आणि प्रत्येकात आवाज जास्त घाबरलेला.

मी प्राचार्यांना फोन लावायला लागले तर सरांनी हात धरला. "थांबा मॅडम. शोकसभेला मुलं किती येतील?"

"सगळी. नंतर सुट्टी आहे ना."

"मग चला," सर म्हणाले. "इतकी मुलं मला पुन्हा कुठे मिळणार?"

त्यांनी मेथी काकूंकडे दिली, शर्ट बदलला, खिशात खडू घातला आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. कॉलेजच्या कोपऱ्यावर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं फ्लेक्स लावूनही टाकला होता. त्यांचा तोच फोटो, तोच झेंडू, खाली 'सर्वांचे लाडके'. सरांनी मला थांबायला लावलं, वर बघत राहिले आणि म्हणाले, "सर्वांचे? हे जरा जास्त होतंय."

सभागृह खच्चून भरलं होतं. मागच्या भिंतीशीही मुलं उभी होती. आम्ही मागच्या दाराने आत शिरलो आणि खांबाआड थांबलो, कुणाचं लक्ष नव्हतं. अप्पासाहेब बोलत होते आणि फार चांगलं बोलत होते. शोकसभेत माणसाचा हात सैल सुटतो. ते म्हणाले, सरांसारखा शिक्षक होणे नाही. मग म्हणाले, "सरांनी आयुष्यभर चालवलेला हा वर्ग ही संस्था कधीबी बंद पडू देणार न्हाई, हा माझा शब्द हाय." त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पोरांचे मोबाइल वर होते, सगळं थेट बाहेर जात होतं.

मग दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. सगळे मान खाली घालून उभे राहिले. मी सरांकडे पाहिलं. तेही मान खाली घालून, हात बांधून, डोळे मिटून उभे होते. नियम तो नियम. आमच्या पुढे एक मुलगी उभी होती, केसांवर सुताचे तंतू, ओढणीवरही. कारखान्यातून तशीच उठून आलेली. दोन मिनिटं संपली, तिने डोळे पुसत मागे वळून बघितलं आणि तशीच बघत राहिली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "सर, मी म्हटलं होतं ना, यातून निघत नाही म्हणून."

सरांनी आवाज ओळखला. "अंबिका?" एवढंच म्हणाले, आणि खिशातला खडू काढून पुन्हा खिशात ठेवला.

मग त्यांनी हात वर केला. विद्यार्थी करतात तसा. सभागृहात आधी कुजबुज, मग एक किंकाळी, मग जो काही गोंधळ झाला तो तुम्ही कल्पना करा. अप्पासाहेबांनी दोन्ही हातांनी माइक धरला होता, आधारासाठी. सर थांबले, शांतता झाल्यावर म्हणाले, "अप्पासाहेब, भाषण फार चांगलं झालं. एकच शंका आहे. वर्ग बंद पडणार नाही, असं तुम्ही म्हणालात. त्यासाठी मी मेलेलं असणं ही अट आहे का?"

हशा संपेपर्यंत अप्पासाहेब सावरले होते. म्हणाले, आपण ऑफिसात बसून बोलू. सर माघारी फिरणार होते. पण अंबिका पुढे झाली आणि मागांच्या खडखडीवर बोलायची सवय असलेल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अट काही बोलला नाहीत तुम्ही. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय आणि मोबाइलमध्ये पण आहे." अप्पासाहेबांनी सभागृहावर नजर फिरवली. त्यांनीच मागितली होती, बाकावर बसलेली पोरं. ती समोर होती, जागा कमी पडावी इतकी.

सरांनी सुट्टी रद्द झाल्याचं जाहीर केलं, कारण ती ते गेल्याबद्दल होती. आणि तिथेच फळा मागवून तास घेतला. सगळी मुलं थांबली असं मी म्हणणार नाही. बरीच सुट्टी समजून पळाली. पण निम्मं सभागृह भरलेलं राहिलं आणि पटावरची सगळी नावं त्यात होती.

स्टेटस एका दिवसात पुसलं जातं, हे अप्पासाहेबांना माहीत होतं, आणि लोक विसरतील अशी त्यांची अपेक्षा असावी. मुलांनी पाळी लावली. रोज एकानं अप्पासाहेबांचं ते वाक्य आपल्या स्टेटसला ठेवायचं. आज केटरिंगवाला, उद्या मोबाइलच्या दुकानातला, परवा केळीवाला. गावात लग्नाला जावं तर लोक अप्पासाहेबांना म्हणायचे, वर्गाचं लई चांगलं केलंत. शेवटी त्यांनी वर्ग चालू ठेवल्याचा कागद काढला, आणि त्याचा फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकला, नवा उपक्रम म्हणून. शिवानं तो पाहून सरांना दाखवला. आता तोही रोज चुका शोधायचा.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभ करू दिला नाही. म्हणाले, माझी शोकसभा झालेली आहे, लोक काय बोलतात ते मी ऐकलंय, पुन्हा तेच कशाला? काही वर्षांनी अंबिका पुढचं शिकून आली आणि त्याच वर्गावर तासिका तत्त्वावर लागली. सर गुरुवारी तिच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचे, भाकरीच्या डब्यासकट.

दुसऱ्या वेळी बातमी त्यांच्या मुलाच्या स्टेटसवरून आली. तेव्हा कुणीच रडलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. सगळ्या विद्यार्थ्यांनी एकच शब्द लिहिला, कशावरून? मग काकूंनी स्वतः एकेकाला फोन केला. मला सांगताना त्या म्हणाल्या, "या वेळेला खरं आहे ग," आणि मी स्कूटीची किल्ली घेतली. शोकसभा झाली, सभागृह पुन्हा भरलं. अप्पासाहेब बोलले, पण या वेळी त्यांनी कसलाही शब्द दिला नाही. माणूस शिकतो.

मला मात्र सर आठवतात ते त्या बातमीच्या आधीच्या गुरुवारचे. मी व्हरांड्यातून माझ्या तासाला चालले होते. खिडकीतून दिसलं, अंबिका फळ्याजवळ उभी आहे, तिने काहीतरी विधान लिहिलंय आणि मुलांना विचारतेय, कशावरून? मुलं एकमेकांकडे बघतायत. मागच्या बाकावरून एक हात वर गेला, पांढऱ्या पूर्ण बाहीचा.

"सर, तुम्ही नका सांगू," अंबिका म्हणाली. "पोरांना विचार करू द्या की."

सरांनी लगेच हात खाली घेतला. शेजारच्या मुलानं त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली, माझ्याकडून काही मिळणार नाही अशी. त्यांच्यासाठी बाकाचं टोक तेवढं मोकळं होतं, बाकी सगळा बाक मुलांनी भरलेला होता, आणि त्याच्या पुढचाही, आणि त्याच्या पुढचाही. मला तासाला उशीर होत होता, म्हणून मी निघाले.